सरोवरातून वर काढलेला लोहमार्ग
चक्रीवादळानंतर अमेरिकेतील मालगाड्या पुन्हा धावू लागतात, त्या कशा?

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या उत्तरेला पाँचरट्रेन नावाचे विस्तीर्ण आणि उथळ सरोवर आहे. नॉरफोक सदर्न या रेल्वे कंपनीचा सुमारे सव्वानऊ किलोमीटर लांबीचा पूल या सरोवरावरून जातो. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हे चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर धडकले आणि सरोवराचे पाणी पुलावर चढले. पूल उभा राहिला. मात्र त्यावरचा जवळपास आठ किलोमीटरचा मार्ग, रूळ आणि स्लीपर यांच्या सांगाड्यासह, उचलला जाऊन पाण्यात पडला. कंपनीने नवे रूळ येण्याची वाट पाहिली नाही. बार्जवर चढवलेल्या क्रेन सरोवरात आणल्या गेल्या, बुडालेला मार्ग तुकड्यातुकड्याने वर काढला गेला आणि पुन्हा त्याच पुलावर बसवला गेला. वादळानंतर साधारण दोन आठवड्यांत या पुलावरून मालगाडी गेली. तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या अनेक वस्त्यांमधले पाणी अजून उपसून व्हायचे होते.

कॅटरिनाचे नाव निघाले की छपरांवर अडकलेली माणसे, बुडालेल्या वस्त्या आणि सुपरडोम या क्रीडागारातील निर्वासितांचे हाल आठवतात. हजाराहून अधिक बळी घेणाऱ्या आपत्तीत मालगाड्यांचे काय झाले, हा प्रश्न मागे पडला तर नवल नाही. पण पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारे क्लोरीन, वीज केंद्रांचा कोळसा, कारखान्यांची रसायने, बंदराकडे जाणारे धान्य आणि पुढे घरे बांधायला लागणारे लाकूड व खडी यांतले बरेच काही त्या देशात रेल्वेने जाते. वादळग्रस्त भाग किती लवकर सावरणार, हे त्या रुळांवरही अवलंबून असते. न्यू ऑर्लिन्सच्या बाबतीत तर प्रश्न एका शहरापुरता नव्हताच.

सहा कंपन्यांचा संगम

भारतात रेल्वे म्हटली की डोळ्यांसमोर मुख्यत्वे एकच मालक येतो. अमेरिकेतील व्यवस्था वेगळी आहे. तेथे मालवाहतूक करणाऱ्या मोठ्या रेल्वे खासगी आहेत. रूळ, पूल, सिग्नल, यार्ड असे सारे कंपनीच्या मालकीचे असते. २००५ मध्ये अशा पहिल्या श्रेणीच्या कंपन्या सात होत्या आणि त्यांपैकी सहा न्यू ऑर्लिन्समध्ये येऊन मिळत. पश्चिमेकडून युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ, पूर्वेकडून नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स, उत्तरेकडून कॅनेडियन नॅशनल, तर वायव्येकडून कॅन्सस सिटी सदर्न. (यांतील शेवटची कंपनी २०२३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिकमध्ये विलीन झाली.) या सर्वांच्या वाघिणींची देवाणघेवाण करण्याचे काम न्यू ऑर्लिन्स पब्लिक बेल्ट ही सार्वजनिक मालकीची छोटी रेल्वे करते. मिसिसिपी नदीवरचा १९३५ सालचा ह्युई लाँग पूल याच रेल्वेच्या ताब्यात होता.

शिकागो, सेंट लुईस, मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्स ही अमेरिकी रेल्वेची पूर्व-पश्चिम जोडणारी प्रमुख द्वारे मानली जातात. कॅलिफोर्नियातून जॉर्जियाला किंवा टेक्सासमधून फ्लोरिडाला निघालेली वाघीण यांपैकी कुठल्या तरी द्वारातून एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे सोपवली जाते. कॅटरिनाने यातले दक्षिणेकडचे द्वार बंद केले.

खासगी मालकीचा दुसरा अर्थ असा, की पूल पडला तर तो कंपनीनेच उभा करायचा. सरकारी रस्ते आणि शाळा यांना केंद्राच्या आपत्ती निधीतून जशी मदत मिळते, तशी नफा कमावणाऱ्या रेल्वे कंपन्यांना मिळत नाही. त्याच वेळी कायद्याने त्या सार्वजनिक वाहक ठरतात. रास्त मागणी असलेला माल नाकारण्याची त्यांना मुभा नाही. वादळात ही दोन टोके एकत्र येतात. म्हणूनच तिथे मार्ग दुरुस्त करण्याची घाई असते आणि हिशेबही असतो.

थांबण्याचे वेळापत्रक

वादळानंतरची सेवा बरीचशी वादळाआधी ठरते. मोठ्या कंपन्या सरकारी वेधशाळेखेरीज खासगी हवामान संस्थांकडूनही अंदाज घेतात. त्यांना हवे असते ते नेमके एका लोहमार्गाच्या पट्ट्यासाठी: वाऱ्याचा वेग किती वाजता किती होईल आणि पाणी कुठवर चढेल. त्यावरून उलटी मोजणी सुरू होते. शेवटची गाडी कधी सोडायची, यार्ड कधीपर्यंत रिकामे करायचे आणि माणसे कधी हलवायची, हे त्यातून ठरते.

यार्ड रिकामे करणे हे सर्वांत मोठे काम. डिझेल इंजिनाची चाके फिरवणाऱ्या विद्युत मोटारी चाकांच्या आसांपाशी, म्हणजे रुळांपासून हातभर उंचीवरच असतात. त्यांत खारे पाणी शिरले की कोट्यवधींचे इंजिन कार्यशाळेचे धनी होते. त्यामुळे इंजिने सर्वांत आधी उंचावर नेली जातात. विषारी वायू आणि ज्वलनशील द्रव भरलेल्या टाकी-वाघिणी त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्याही आधी बाहेर काढल्या जातात. रिकाम्या वाघिणींचा प्रश्न निराळा असतो. त्या हलक्या असल्याने वाऱ्याने उलटतात, पाण्यावर तरंगू लागतात आणि रुळांवरून घसरून वाट अडवतात. भरलेल्या असोत की रिकाम्या, पाण्यात बुडून निघालेल्या वाघिणींच्या चाकांची बेअरिंगे बदलल्याशिवाय त्यांना पुन्हा मार्गावर आणता येत नाही. वरून धडधाकट दिसणारी वाघीण अशी महिनोन्महिने अडकून पडू शकते.

किरकोळ वाटणाऱ्या कामांचीही यादी मोठी आहे. रस्त्यांवरील फाटकांचे आडवे दांडे काढून ठेवले जातात. नाहीतर वारा ते मोडतो आणि नंतर शेकडो दांडे शोधत बसावे लागते. उघडझाप होणारे पूल बंद स्थितीत कुलूपबंद केले जातात. जनित्रे, डिझेल, करवती, पिण्याचे पाणी आणि कामगारांच्या झोपण्याची सोय असलेली वाहने वादळाच्या अपेक्षित वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी केली जातात. एकाच बाजूला ठेवली आणि वादळाने दिशा बदलली, तर सारा सरंजाम अडकून पडतो. खडीने भरलेल्या गाड्या आणि कारखान्यातच स्लीपरांवर बसवून तयार ठेवलेले रुळांचे सुमारे बारा मीटर लांबीचे तुकडे हे या तयारीतले खरे भांडवल. भराव वाहून गेला तर आधी दगड ओतायचे, मग हे तयार तुकडे एकापुढे एक टाकत जायचे.

पूल जागेवर राहावा म्हणून त्यावर दगडांनी भरलेल्या वाघिणी उभ्या करून ठेवण्याची जुनी युक्तीही कधी कधी वापरली जाते. तिचा भरवसा मात्र धरता येत नाही. जून २००८ मध्ये आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे (तो महापूर होता, चक्रीवादळ नव्हे) पुलावर उभ्या केलेल्या दगडांच्या वाघिणींसकट पूल नदीत कोसळला.

न्यू ऑर्लिन्समध्ये शेवटची गाडी कधी, याचे उत्तर देणारा आणखी एक घटक आहे. शहराभोवतीच्या पूरसंरक्षक बांधांतून जिथे रूळ आरपार जातात, तिथे पोलादी दरवाजे बसवलेले असतात. वादळ जवळ आले की ते बंद होतात आणि मग रेल्वेला जाग्यावर थांबण्यावाचून गत्यंतर नसते. कॅटरिनाच्या वेळी औद्योगिक कालव्यालगतचा असा एक दरवाजा आधीच्या रेल्वे अपघातात निकामी झाला होता आणि दुरुस्त झालेला नव्हता. त्याच्या जागी रचलेल्या वाळूच्या पिशव्या पाण्याने वाहून नेल्या. शहर बुडाले ते प्रामुख्याने कालव्यांच्या भिंती फुटल्याने, हे खरेच. पण रेल्वेसाठी ठेवलेल्या त्या वाटेनेही पाणी आत आले.

आधी चालत, मग गाडीने

वादळ पुढे सरकल्यावर पहिली हालचाल होते ती मार्ग पाहणाऱ्यांची. रस्त्यावर आणि रुळांवर अशा दोन्हीकडे चालणाऱ्या मोटारींतून निरीक्षक निघतात. झाड आडवे आले की उतरून ते कापायचे आणि पुढे जायचे. जिथे मोटार जात नाही, तिथे पायी. लांबच्या पट्ट्यांसाठी हेलिकॉप्टर वापरले जाते आणि गेल्या दशकापासून ड्रोनही. २०१७ मधील हार्वे वादळानंतर टेक्सासमध्ये बुडालेल्या मार्गांची पाहणी करताना ड्रोनचा उपयोग झाला. तरीही पाण्याखालच्या भरावाचे खरे दुखणे हवेतून दिसत नाही. रूळ सरळ रेषेत दिसतात आणि त्यांच्या खालची माती मात्र गेलेली असते. असे हवेत लोंबकळणारे रूळ हाच या कामातला सर्वांत मोठा धोका आहे. पुलांच्या बाबतीत तर पाणबुडे उतरवून खांबांच्या पायथ्याची खरवड तपासावी लागते.

अमेरिकेतील मालगाड्या जवळजवळ सर्वच डिझेलवर चालतात, ही या वेळी मोठीच सोय ठरते. वरच्या विजेच्या तारा तुटल्या म्हणून गाडी अडली, असे तेथे घडत नाही. वीज लागते ती सिग्नल आणि फाटकांना. त्यांच्या बॅटऱ्या काही तास टिकतात, मग जनित्रे आणावी लागतात. ती प्रत्येक ठिकाणी पुरत नाहीत. अशा वेळी रेल्वे आपल्या जुन्या पद्धतींकडे वळते. नियंत्रक रेडिओवरून चालकाला अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत जाण्याची परवानगी शब्दशः सांगतो, चालक ती लिहून घेतो आणि वाचून दाखवतो. संशयित पट्ट्यात ताशी ३२ किलोमीटरहून अधिक वेग घ्यायचा नाही आणि समोर जितके दिसते त्याच्या निम्म्या अंतरात थांबता येईल अशीच गाडी चालवायची, असा नियम आहे. बंद पडलेल्या फाटकापाशी गाडी थांबते, एक कर्मचारी खाली उतरून रस्ता अडवतो आणि मग गाडी पुढे सरकते. शंभर फाटके असलेल्या मार्गावर याचा अर्थ काय होतो, याची कल्पना करणे कठीण नाही. तरीही गाडी पुढे जात असते, हे महत्त्वाचे.

२०२० अखेरपासून अमेरिकेतील बहुतेक मुख्य मार्गांवर गाडी आपोआप थांबवणारी संगणकीय सुरक्षा यंत्रणा सक्तीची झाली आहे. तिच्यामुळे टकरी टळतात; परंतु रुळांकाठच्या पेट्या, मनोरे आणि रेडिओ यांची संख्याही वाढली. म्हणजेच वादळात सांभाळायच्या वस्तू वाढल्या. खाऱ्या पाण्यात बुडालेली इलेक्ट्रॉनिक पेटी वाळवून चालत नाही, ती बदलावीच लागते. म्हणून किनारी मार्गांवर अशा पेट्या उंच ओट्यांवर बसवण्याकडे कल आहे.

माणसांचा प्रश्न यंत्रांहून अवघड. ज्यांनी मार्ग दुरुस्त करायचा, त्यांचीच घरे वाहून गेलेली असतात. कॅटरिनानंतर कंपन्यांना पहिल्या दिवसांत स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. बाहेरून आणलेल्या तुकड्यांसाठी तंबू, फिरती घरे, जेवण आणि इंधन यांची छावणी उभारावी लागली, कारण आसपास विकत घेण्यासारखे काहीच उरले नव्हते.

प्रतिस्पर्ध्याच्या रुळांवरून

दुरुस्ती चालू असताना माल कुठून जातो, हा या साऱ्या व्यवस्थेचा गाभा. उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग नकाराचा. कंपनी रीतसर सूचना काढून जाहीर करते, की अमुक स्थानकांसाठी माल तूर्त स्वीकारला जाणार नाही. याला एम्बार्गो म्हणतात. ग्राहकांच्या दृष्टीने हे गैरसोयीचे आहे. किंबहुना माल नाकारण्याचा अधिकार नसलेल्या कंपनीला दिलेली ही मर्यादित पळवाटच आहे. पण ती नसेल तर वादळाकडे निघालेल्या हजारो वाघिणी वाटेतल्या यार्डांत साचत जातात आणि वाऱ्याचा स्पर्शही न झालेली शहरे ठप्प होतात. रेल्वेत कोंडी मागे मागे पसरते, आणि ती सोडवायला मार्ग दुरुस्त करण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

दुसरा भाग वळशाचा. कॅटरिनानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये होणारी देवाणघेवाण मेम्फिस, सेंट लुईस यांसारख्या उत्तरेकडील ठिकाणी हलवण्यात आली. एरवी एकमेकांचे ग्राहक पळवणाऱ्या कंपन्या अशा वेळी एकमेकांच्या गाड्या आपल्या रुळांवर घेतात. यात औदार्य कमी आणि व्यवहार जास्त आहे. भाड्याचे दर ठरलेले असतात, परक्या मार्गावर त्या मार्गाचा माहीतगार चालक सोबत द्यावा लागतो आणि आज मदत करणाऱ्याला पुढच्या वर्षी मदत लागणारच असते. शेकडो किलोमीटरचा वळसा पडतो, चालकांची ड्युटीची वेळ संपते, इंजिने कमी पडतात. पण माल पोहोचतो.

सप्टेंबर २००५ मध्ये या वळशाचीही परीक्षा झाली. कॅटरिनाला महिनाही झाला नव्हता, तोच २४ सप्टेंबरला रिटा हे दुसरे चक्रीवादळ टेक्सास-लुइझियाना सीमेवर धडकले. पूर्वेकडची वाट दुरुस्तीखाली असताना पश्चिमेकडचे मार्गही थांबले. पश्चिमेकडच्या कंपन्यांनी यार्डे रिकामी करण्यात वेळ दवडला नाही. कॅटरिनाची आठवण ताजी होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वळसा घेता येतो तो पर्यायी मार्ग शिल्लक असेल तरच, आणि गेल्या अर्धशतकात अमेरिकी रेल्वेंनी विलीनीकरणे करून समांतर मार्गांपैकी कित्येक बंद केले किंवा विकले. काटकसरीच्या वर्षांत जो मार्ग निरुपयोगी वाटतो, तोच वादळाच्या वर्षी आधार होतो. त्या मार्गाच्या देखभालीचा खर्च मात्र दरवर्षी करावा लागतो. याचे उलट उदाहरणही आहे. व्हिक्सबर्गजवळ मिसिसिपी ओलांडून मेरिडियनकडे जाणारा कॅन्सस सिटी सदर्नचा मार्ग सुधारण्यासाठी नॉरफोक सदर्नने डिसेंबर २००५ मध्ये भागीदारीचा करार केला. त्यामागे टेक्सास-जॉर्जिया वाहतुकीचा धंदा होता. पण न्यू ऑर्लिन्सला वगळून नदी ओलांडण्याची एक चांगली वाट त्यातून पक्की झाली.

पाच महिने आणि सत्तर कोटी डॉलर

नॉरफोक सदर्न दोन आठवड्यांत परतली. सीएसएक्सचे नशीब तसे नव्हते. तिचा मार्ग न्यू ऑर्लिन्सहून पूर्वेकडे मोबिल शहरापर्यंत थेट मिसिसिपीच्या किनाऱ्याने जातो. खाड्या, दलदल, वाळूचे पट्टे आणि पाण्यावरचे लांबलचक पूल असा हा मार्ग. कॅटरिनाचे उधाण पास ख्रिश्चन या गावी सुमारे साडेआठ मीटर उंच होते. मार्ग त्याच्या तोंडातच होता. सुमारे १६० किलोमीटरचा पट्टा उद्ध्वस्त झाला. सहा मोठे पूल निकामी झाले. बे सेंट लुईस येथील सुमारे तीन किलोमीटरच्या पुलाचे तर गाळे लाटांनी उचलून पाण्यात फेकले आणि मागे नुसत्या खांबांची रांग उरली. न्यू ऑर्लिन्समधले कंपनीचे जेंटिली यार्ड पाण्याखाली गेले.

कंपनीने एकीकडे सारी वाहतूक उत्तरेकडे वळवली आणि दुसरीकडे मार्ग होता तिथेच बांधायला घेतला. पाच महिन्यांत, म्हणजे २००६ च्या आरंभी, तो पुन्हा सुरू झाला. शेजारचा महामार्गाचा पूल त्यानंतर वर्षाहून अधिक काळ अपुरा होता. खर्च सुमारे २५ ते ३० कोटी डॉलर झाला. त्यातला बराच भाग विम्यातून भरून आला. एवढ्या वेगाचे श्रेय अभियंत्यांना आहे, तसेच ते खासगी मालकीलाही आहे. निविदा, मंजुरी, निधी यांची सरकारी साखळी येथे नव्हती. मात्र या काळात किनाऱ्यावरच्या लहान रेल्वे आणि कारखाने अडकून पडले. मिसिसिपीतील पोर्ट बिएनव्हिल या औद्योगिक वसाहतीची रेल्वे बाहेरच्या जगाशी फक्त सीएसएक्सने जोडलेली आहे. मोठ्या कंपनीचा माल वळसा घालून जाऊ शकतो. एकाच रुळाच्या टोकाला असलेल्या कारखान्याला वळसा नसतो.

गंमत पुढेच आहे. मार्ग सुरू होऊन काही महिने होतात न होतात, तोच मिसिसिपीचे सिनेटर ट्रेंट लॉट आणि थॅड कॉक्रन यांनी तो विकत घेऊन अंतर्भागात हलवण्यासाठी ७० कोटी डॉलरची तरतूद आपत्कालीन विधेयकात घातली. रुळांच्या जागी नवा रस्ता करावा आणि लोहमार्ग उधाणाच्या माऱ्यापासून दूर न्यावा, असा युक्तिवाद होता. नुकताच कोट्यवधी खर्चून बांधलेला मार्ग पुन्हा उखडायचा, म्हणून विरोधकांनी या योजनेला ‘कुठेच न जाणारी रेल्वे’ असे नाव दिले. टीका इतकी झाली, की अंतिम विधेयकातून तरतूद वगळली गेली. खर्चाच्या बाजूने पाहता ते योग्यच म्हणावे लागेल. मात्र किनाऱ्यालगतचा मार्ग प्रत्येक मोठ्या वादळानंतर त्याच जागी बांधत राहावे का, हा लॉट यांच्या योजनेमागचा प्रश्न तेव्हा थट्टेत बुडाला आणि नंतर कुणी गांभीर्याने घेतला नाही. समुद्राची पातळी चढत असताना तो आज अधिक टोकदार झाला आहे.

रूळ विरुद्ध गाव

रेल्वे चालू राहणे आणि गाव वाचणे या गोष्टी नेहमी हातात हात घालून जातात असेही नाही. नॉर्थ कॅरोलायनातील लंबरटन या नदीकाठच्या गावात पूरसंरक्षक बांधाला एकच मोठी खिंड होती: महामार्गाखालून जाणाऱ्या सीएसएक्सच्या रुळांची. २०१६ मध्ये मॅथ्यू वादळाच्या वेळी त्या खिंडीतून पाणी गावात शिरले. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, फ्लोरेन्स वादळ येऊ लागले तेव्हा तिथे रुळांवर तात्पुरता बांध घालावा अशी गावाची मागणी होती. कंपनीने आधी नकार दिला. अखेर गव्हर्नर रॉय कूपर यांनी आणीबाणीचा आदेश काढला आणि नागरिक व नॅशनल गार्डच्या जवानांनी घाईघाईने वाळूच्या पिशव्यांची भिंत रचली. ती पुरती टिकली नाही आणि गावात पुन्हा पाणी आले. रुळांवरचा बांध म्हणजे बंद पडलेला मार्ग. उघडी खिंड म्हणजे बुडालेली घरे. दोन वादळांच्या मधल्या दोन वर्षांत कायमचा दरवाजा बसला असता, तर वादाची वेळच आली नसती.

डोंगरातही असाच ताण दिसला. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळ फ्लोरिडात जमिनीवर आले आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर ॲपलाचियन पर्वतात त्याने नद्यांना प्रलयंकारी पूर आणले. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सीमेवरील नोलीचकी नदीच्या अरुंद घळीतून सीएसएक्सचा जुना क्लिंचफील्ड मार्ग जातो. नदीने रूळ, भराव आणि पूल असे सारे नेले. घळीत रस्ता नाही. दुरुस्ती दोन्ही टोकांकडून रूळ टाकत टाकतच करावी लागते. भरावासाठी दगड हवा, तो जवळ नदीपात्रातच होता. कंत्राटदारांनी तो उचलायला सुरुवात करताच नदीवर नौकानयनाचा व्यवसाय करणारे आणि पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेल्या. ४० कोटी डॉलरहून अधिक खर्चाचा अंदाज असलेला हा मार्ग सुमारे वर्षभराने सुरू झाला. तोवर त्यावरची वाहतूक वळशानेच चालली होती.

प्रत्येक मार्ग परत येतोच असे नाही. फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेने १९१२ मध्ये बेटांची साखळी ओलांडून की वेस्टपर्यंत समुद्रावरून रेल्वे नेली होती. २ सप्टेंबर १९३५ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळात, रस्ताबांधणीवरील माजी सैनिकांना सोडवण्यासाठी उशिरा धाडलेल्या गाडीचे सारे डबे लाटेने रुळांवरून लोटून दिले. उभे राहिले ते एकटे इंजिन. चारशेहून अधिक माणसे गेली. पूल बहुतांश शाबूत होते. पण कंपनी आधीच दिवाळखोरीत होती. तिने मार्ग बांधण्याऐवजी विकला आणि १९३८ मध्ये त्याच पुलांवरून मोटारींचा महामार्ग सुरू झाला. पूल तेच होते. त्यावरून न्यायला पुरेसा माल मात्र नव्हता.

मिसिसिपीच्या किनाऱ्यावर नेमके उलटे घडले. मालगाड्या २००६ च्या आरंभी परतल्या, कारण रसायने, कोळसा आणि कंटेनर यांचा धंदा तिथे होता. कॅटरिनापूर्वी त्याच रुळांवरून आठवड्यातून तीन वेळा ॲमट्रॅकची ‘सनसेट लिमिटेड’ ही प्रवासी गाडी फ्लोरिडापर्यंत धावत असे. ती न्यू ऑर्लिन्सच्या पूर्वेला पुन्हा धावली नाही. रूळ दुरुस्त होते. पण ते सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्न यांच्या मालकीचे होते आणि मालगाड्यांना अडथळा न होता प्रवासी गाडी चालवायची तर आधी मार्गावर मोठा खर्च करावा लागेल, असे कंपन्यांचे म्हणणे होते. २०२१ मध्ये ॲमट्रॅकने केंद्रीय नियामक मंडळाकडे धाव घेतली, नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि न्यू ऑर्लिन्स ते मोबिल अशी ‘मार्डी ग्रा’ नावाची प्रवासी गाडी १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली. कॅटरिनाला वीस वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा अकरा दिवस बाकी होते.